कमूनाचा दिवस

“आणि हा तुकडा काय उंदरांसाठी ठेवलास?” देहामावशीनं समोरच्या भिंतीकडे बोट केलं.

मावशीच्या लेकाच्या नव्या घरात दारासमोरच हातभर लांब, हातभर रुंद जागा खमूस गवंड्यानं गिलावा न करता सोडली होती. आतले दगड उघडे दिसत होते.

“यरुशलेमचं मंदिर पडलं, त्याची आठवण, मावशी. सुखाच्या घरातही एवढं दुःख राहू द्यायचं. तुमच्याकडे नाही?”

“माझ्याकडे त्याच्यापुढे कपाट आहे! परवा लेकाच्या लग्नाला पॅरिसची मंडळी येतील. म्हणतील, म्हातारीचा चुना संपला.”

“म्हणू देत. माझ्या बापानं कधी बुजवला नाही, मीही नाही बुजवणार.”

ट्युनिशियातल्या जेर्बा बेटावरच्या आमच्या यहुदी मोहल्ल्यात निम्म्या घरांना खमूसचा हात लागलेला. प्रत्येक नव्या जोडप्याला तो भिंतीपुढे उभं करून बजावायचा, विसरू नका. आज मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. झालेली भिंत त्यानं पुन्हा घासली. शिडीवर चढला, उतरला. चुना कालवला नि तसाच टाकून दिला. दुपार कलली तरी भाकरीला हात लावला नव्हता.

“घरी जा आता,” मावशी म्हणाली. “आज तुझ्या...” आणि तिनं जीभ चावली.

“कोपरा राहिलाय.”

कोपरा राहिला नव्हता.

इतक्यात दारात गझाला, त्याची बायको, येऊन उभी राहिली.

तीन वर्षांपूर्वी याच दिवशी त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी कमूना तापानं गेली होती. चार दिवसांत. तेव्हापासून खमूसनं तिचं नाव उच्चारलं नव्हतं. पहिल्या वर्षदिनी त्यानं परगावी काम काढलं. दुसऱ्या वर्षी अंगात कणकण आहे म्हणून पडून राहिला. दोन्ही वेळा बापानं म्हणायची प्रार्थना तिच्या मामानं म्हटली.

“माणसं येऊन बसलीत,” गझाला म्हणाली. “सगळे आलेत. बाप तेवढा नाही.”

“तुझा भाऊ म्हणेल की.”

“नाही म्हणणार. मीच नको म्हटलंय त्याला.” तिची नजर त्या उघड्या दगडांवर गेली. “दोन हजार वर्षांपूर्वी पडलेलं मंदिर. तुम्ही पाहिलंत? तुमच्या आज्यानं पाहिलं? त्याची आठवण घरोघर करून देता. पोरीला तर पाहिलं होतंत ना?”

मावशी आतल्या खोलीत निघून गेली. खमूसनं थापी खाली ठेवली आणि हातही न धुता तो गझालाच्या मागून चालू लागला.

घरात तेलाचा दिवा लावला होता. ताटात उकडलेली अंडी, ऑलिव्ह, खजूर. मधोमध मोहल्ल्याचे धर्मगुरू रब्बी त्सेमाह, वय पंच्याऐंशी, जवळजवळ ठार बहिरे.

“कोणाच्या नावानं?” त्यांनी विचारलं.

खमूस उठला, बसला, पुन्हा उठला.

“कमूना,” तो पुटपुटला.

“काय?” रब्बींनी कानामागे हात धरला.

शेजारचा माणूस सांगायला वाकला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून गझालानं हात वर करून त्याला थांबवलं.

“कमूना!” खमूस जरा मोठ्यानं म्हणाला.

“मोठ्यानं बोल बाबा. कोण? आईचं नाव?”

“कमूना! गझालाची मुलगी! माझी कमूना!”

शेजारच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढणारी बाई कपडे छातीशी धरून तशीच थांबली.

रब्बींनी मान हलवली आणि प्रार्थना सुरू केली; खमूस त्यांच्यामागून म्हणू लागला. ती संपली तरी खमूस उभाच होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही.