समुद्र बाराव्या पानावर

माझं तोंड फटकळ आहे, हे शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या गुरुवारी मला भोवला तो फटकळपणा नव्हे, आळस.

दुसरीच्या वर्गाला मी भूगोल चित्रांच्या पुस्तकांतून शिकवते. नकाशा टांगला की पोरं जांभया देतात, कासवाचं पुस्तक काढलं की डोळे एवढाले करून बसतात. त्यातलं कासव तळ्यातून निघतं आणि पाण्याच्या संगतीनं ओढा, नदी, पूल करत करत समुद्राला पोचतं. मोजून बारा पानं.

वर्गातली सगळ्यात बुटकी पोर टिचकी. बाप शिंपी. आई चार महिन्यांपूर्वी समुद्राकाठच्या शहरात नर्सच्या नोकरीवर गेलेली. मधल्या सुट्टीत टिचकी ते पुस्तक घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"बाई, समुद्र किती लांब आहे?"

मी हजेरीपटात डोकं घालून बसले होते. "डोळे आहेत ना? बाराव्या पानावर आहे बघ."

"पाण्यातनं गेलं की सापडतोच?"

"सापडतोच. पळ आता, डोकं नको खाऊ."

साडेतीनला तिचा बाप वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. "बाई, शाळा सुटून अर्धा तास झाला. टिचकी कुठंय?"

मी कपाटाकडे पाहिलं. कासवाचं पुस्तक जागेवर नव्हतं. मधल्या सुट्टीतलं माझंच 'सापडतोच' आठवलं आणि मी ताडकन उठले.

शाळेच्या मागच्या फाटकासमोर कालवा आहे. आठवडाभर तो कोरडाच असतो, तळाशी करंगळीएवढी धार. पण दर गुरुवारी बरोबर चारला पाटकरी वरचं लोखंडी दार उघडतो आणि पाणी धडधडत येतं. त्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना.

"कालव्यात उतरली असणार," मी म्हणाले. पुढचं काही विचारत न बसता शिंपी धावत सुटला, मी त्याच्या मागं. धार जिकडं वाहत होती तिकडं. पाणी समुद्राकडं जातं, मग पोरगीही तिकडंच गेली असणार, एवढंच माझ्या डोक्यात. "टिचके! ए टिचके!" घसा फाटेस्तोवर ओरडलो. कालव्यावरच्या पुलापर्यंत गेलो तरी तळात पोरीचा मागमूस नाही. घड्याळात पावणेचार.

पुलावर धापा टाकत मी डोळे मिटले, तर समोर पुस्तकच आलं. पहिल्या पानापासून बाराव्यापर्यंत कासव एकाच बाजूला चालतं. उजव्या हाताला. दुसरीकडं चालेल कसं, पानं तशीच उलटतात! मी स्वतः वर्गात बोट फिरवत त्याला तसंच चालवते. आणि फाटकातून बाहेर पडून कालव्याकडं तोंड केलं की उजव्या हाताला येतं ते वरचं दार. त्या करंगळीएवढ्या धारेकडं सात वर्षांची पोर कशाला बघतेय?

"तुम्ही खालच्या अंगालाच बघत जा!" मी शिंप्याला ओरडून सांगितलं आणि उलटी पळाले. चप्पल तुटली, ती तिथंच फेकली. चाळिशीतली जाडजूड बाई अनवाणी धावतेय म्हणून रस्त्यावरचे दोघं हसलेसुद्धा. हसा मेल्यांनो, म्हटलं. छाती फुटायची वेळ आली होती. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, स्वतःच्या बाळंतपणातही नाही.

दारापासून शंभर पावलांवर, कालव्याच्या तळात, ती दिसली. पाठीवर दप्तर, हातात उघडं पुस्तक, सावकाश चाललेली. आणि वर पाटकरी दाराच्या चाकाला हात घालत होता. मी दोन्ही हात हलवून किंचाळले. त्या भल्या माणसानं मला ओळखून हात हलवला आणि चाक फिरवलं.

मी उतारावरून घसरतच खाली गेले. आवाज आधी आला, मग पाणी. टिचकीला बखोटीला धरून उचललं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून काठावर ढकललं. पाणी माझ्या कमरेवर आदळलं, पाय सुटले. पाटकऱ्यानं धावत येऊन माझी वेणी आणि दंड दोन्ही धरून मला ओढून काढलं. शिव्या घालत होता आणि रडत होता.

शिंपी आला तेव्हा पोर माझ्या मांडीवर थरथरत होती. त्यानं माझ्यापुढं हात जोडले. "बाई, तुम्ही होतात म्हणून..."

ते हात मला बघवेनात. "हात जोडू नका. तिला ही वाट मीच सांगितली. समुद्र बाराव्या पानावर आहे म्हणाले."

तो ओरडेल, मारेलसुद्धा असं वाटलं. तो ओल्या मातीत खाली बसला.

"मग खरं किती लांब आहे, तेही तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "मला सांगवत नाही."

मी टिचकीचं तोंड पदरानं पुसलं आणि सांगितलं. आई आहे तिथला समुद्र, आगगाडीनं दोन दिवस आणि दोन रात्री. चालत जाताच येणार नाही.

तिनं बापाकडं पाहिलं. "म्हणजे आई उद्या येणार नाही? तुम्ही रोज म्हणता ना, उद्या येईल?"

त्यानं मान फिरवली. "नाही गं बाळा," मीच म्हणाले, "उद्या नाही." कालव्यातून काढतानासुद्धा न रडलेली पोर तेव्हा हंबरडा फोडून रडली.