बिडीच्या डबीत सोप

"बिडीच्या वेळेला सासरे काय करतील, हे आधीच ठरवून ठेवा," तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. अंजूने मान हलवली आणि ते एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून दिलं. सोडली म्हणजे सोडली, त्यात आधी काय ठरवायचं, असं तिला वाटलं. मित्रांनो, तेव्हा मी तिच्या सासऱ्यांच्या, चंपतरावांच्या बंडीच्या खिशात होते, म्हणून मला हे ठाऊक.

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. कारंज्याच्या बाजारात एका कारागिराने मला तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलं, ठोकलं आणि झाकण बसवलं. चंपतराव तेव्हा तरणे होते. त्यांनी मला बिड्यांनी भरलं आणि अनसिंगजवळच्या आपल्या भाजीच्या वावरात आणलं.

वावरात रिकामं बसलेलं कुणाला खपत नाही. पण बिडी पेटवून बसलेल्याला कुणी काही म्हणत नाही. मेथीच्या जुड्या बांधून झाल्या की शेजारच्या वावरातले फुलचंद दोन वावरांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर येत. माझं झाकण उघडे. दोघे बसत, थोडं बोलत, बरंचसं गप्प राहत. "चंपत, तुह्या डबीतल्या बिड्या पावसाळ्यातबी सादळत नाही गा," असं फुलचंद म्हणाले की मी आतून फुगे.

मग नात आली, रुचिका. तिची छाती वाजू लागली. अंजू झोपलेल्या लेकीच्या छातीवर हात ठेवून बसे, घरात कुणी आलं की आधी त्याच्या कपड्यांचा वास घेई. चंपतराव हे बघत होते. एके दिवशी त्यांनी मला मोरीत रिकामं केलं आणि स्वतःच म्हणाले, "चाल, कोन्त्या डॉक्टरकडं जायचं ते सांग."

अंजूने माझ्यात भाजलेली सोप, म्हणजे बडीशेप भरली. फुलचंदना तिने वाटेतच गाठलं. "काकाजी, आता धुऱ्यावर नका येऊ. तुम्हाला पाहिलं की त्यांना तलफ येईल."

"बरं बाई," फुलचंद म्हणाले आणि वळले.

चंपतरावांना सगळ्यांनी शाबासकी दिली आणि सगळे आपापल्या कामाला लागले. पाण्याची मोटर बंद झाली की ते धुऱ्यावर येत. बसत, उठत, पुन्हा बसत. माझं झाकण उघडत, लावत. सोप चघळायला वेळ तो किती लागणार? पलीकडे फुलचंद पाठ करून बसलेले असत, त्यांच्या डोक्यावर धुराची रेघ दिसे. इतकी वर्षं मी खिशात काढली, पण एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

एका दुपारी चंपतरावांनी दुकानातून बिडी आणली. अंजू रुचिकाला कडेवर घेऊन जेवणाचा डबा द्यायला आली, तेव्हा बिडी त्यांच्या बोटांत होती. अंजू लांबच थांबली.

"मामाजी, ओढली?"

"नाही."

"खरं सांगा."

"कायनं ओढू? काडीपेटी म्या उभ्या जन्मात घेतली नाही. बिडी माही, काडी फुलचंदची. त्याले त तुनं येऊ देलं नाही."

अंजूला हसू फुटलं, पण ते अर्ध्यातच राहिलं. "मग बिडी काहून आणली?"

चंपतरावांनी बिडी बोटांत फिरवली. "बसाले काही त पाह्यजे ना पोरी. असाच बसलो त लोक म्हनतीन, बुडा कामातून गेला."

अंजूने डबा खाली ठेवला आणि तशीच धुरा ओलांडून फुलचंदकडे गेली. तिचा आवाज मला ऐकू येत होता. "काकाजी, माझं चुकलं. उद्यापासून येत जा. काडीपेटी तेवढी घरी ठेवा."

"मंग तिथी येऊन मी करू काय? बकरीवानी सोप चघळू?"

"चघळा."

"त जास्तीची भाजून ठेव. मले मूठभर लागते."

फुलचंद आले. त्यांची स्वतःची बिडी सुटली नाही, पण ती ते आपल्या वावरातच ओढून येतात. दोघे सोप चघळतात, पुन्हा तसेच गप्प बसतात. दुकानातून आणलेली ती बिडी चंपतरावांनी त्याच दिवशी मातीत चुरडली होती. रुचिकाची छाती आता कमी वाजते.

पण फुलचंद सध्या लेकीकडे मंगरूळपीरला गेले आहेत. अंजूला रोज येऊन बसायला जमत नाही, लेकरू लहान आहे. आज कुणीच आलेलं नाही. चंपतरावांचा अंगठा माझ्या झाकणावर फिरतो आहे आणि नजर रस्त्यावरच्या दुकानाकडे जाते आहे. माझ्यात सोप मावते, पण दोन शब्द बोलणं काही मला जमत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी बिडी, सिगारेट सोडली असेल. "चांगलं केलंत" असं म्हणून तुम्हीही आपल्या कामाला लागला असाल. आज एकदा त्यांच्याकडे जाऊन या. जवळ जाऊन कपड्यांचा वास घेऊ नका. ते जिथे बसले असतील तिथे, त्यांच्या शेजारी, ती वेळ सरेपर्यंत नुसते बसा.