तांदळाचं धुवण

"मनोरमाबाई, काल वरून काय ओतलंत?" तळमजल्यावरच्या पंढरीनाथ साटमांनी जास्वंदीची वाळलेली काटकी पुराव्यासारखी वर धरली.

"तांदळाचं धुवण," पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मनोरमाबाई म्हणाल्या. "रोज ओतते तेच. का हो भाऊ?"

"तांदळाचंच ना? सोडा-बिडा नव्हता?"

"मिस्टर साटम," वरून आलं, "आजपासून थेंब पडायचा नाही."

खिडकी लागली. बायको गेल्यापासून 'जेवलात का?' विचारणारं इंद्रलोक वसाहतीतल्या त्या इमारतीत एकच माणूस होतं. तेही तुटलं.

पण जास्वंदही साधी नव्हती. ऑफिसातला जुना सोबती, चौक गावचा सेलेस्टिन, याच्या भावाने बोटीवरून परतताना अमेरिकेतून बिया आणल्या होत्या. फूल म्हणे ताटलीएवढं. साटमांना तेव्हाच संशय आला होता. जास्वंद फांदी खोचून लावतात, बी कुणी पाहिलंय? तरी नेलकटरने टरफलाला चीर देऊन त्यांनी बिया कोमट पाण्यात भिजवल्या. एक रुजली, कमरेएवढी झाली आणि दिवाळीनंतर पार वाळली. बाकीच्यांच्या जास्वंदी बाराही महिने हिरव्या. मग हिचाच घात कसा होतो?

बुंधा त्यांनी उपटला नाही. पुरावा जागेवर राहिलेला बरा.

उन्हं तापली आणि पुराव्याला लालसर कोंब फुटले.

"ही जात थंडीत झोपते," सेलेस्टिन म्हणाला. "मी बोललो न्हाय काय?"

"नाही बोललास."

"मग इसरलो असंन."

साटमांनी वर पाहिलं. खिडकी बंदच होती.

पहिलं फूल उमललं, ते खरंच ताटलीएवढं. साटम ते घेऊन जिना चढले. दार उघडल्यावर, वाटेत जुळवलेल्या वाक्यांतलं एकच निघालं. "गणपतीला."

मनोरमाबाईंनी फूल दोन्ही हातांत घेतलं. "आमचा गणपती झाकला जाईल याच्याखाली," म्हणाल्या, आणि दार लोटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, कठडा धरत खाली आल्या. हातातलं पातेलं त्यांनी साटमांच्या नाकासमोर धरलं.

"बघून घ्या."

साटमांनी मान फिरवली.

"बघा म्हटलं ना."

साटमांनी पाहिलं. पांढुरकं पाणी, तळाशी चार दाणे.

मग मनोरमाबाईंनी ते बुंध्याशी सावकाश ओतलं. गॅलरीतून पुन्हा कधी टाकलं नाही. रोज जिना उतरून यायच्या आणि रोज ओतण्याआधी पातेलं दाखवायच्या.