नेच्याला पाणी, बोगनवेलीला तहान

मित्रांनो, मी एक जुनी, तळाला भोकं पडलेली पत्र्याची झारी आहे. माझ्या तोंडाची चाळणी कधीच हरवली, कडी वाकडी झाली आणि अंगावर गंजाचे डाग आले. तरी मला बिचारी म्हणू नका. मी बढाईखोर म्हणून ओळखली जायचे आणि तो गुण अजून पुरता गेलेला नाही.

घाटकोपरच्या कुंडलिक मिस्त्रीने मला घडवलं. कोऱ्या पत्र्याची मी अशी चकाकत होते की, दुकानात येणारी गिऱ्हाइकं माझ्यात तोंड पाहून भांग नीट करत. पंच्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर मुलुंडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, श्यामकांत प्रधान, मला घेऊन गेले. त्याच आठवड्यात त्यांनी दोन झाडं आणली, एक बोगनवेल आणि एक झालरीसारख्या पानांचा नेचा. लाल रंगवलेल्या दोन कुंड्या त्यांनी फाटकाच्या दोन बाजूंना ठेवल्या आणि मागे सरकून पाहिलं. "झकास! जोडी कशी शोभते!" ते म्हणाले.

झाडांची देखभाल आली द्रौपदीबाईकडे. ती सोसायटीचे जिने झाडायची. मूळची जालन्याकडची, नवरा गेलेला. नाहूरला भावाच्या एका खोलीत आठ माणसं राहत, त्यात ही नववी. तिची सहा वर्षांची मुलगी शेवंती मात्र गावाकडे आजीपाशी होती, कारण दहाव्या माणसाला तिथे पाय पसरायला जागाच नव्हती.

एका सकाळी प्रधान म्हणाले, "बाई, सव्वीस जानेवारीला फाटकाशी झेंडावंदन आहे. तोवर ही झाडं नीट दिसली, तर माळीकाम कायमचं तुमचं आणि पंपाशेजारची रिकामी खोलीही तुमची. नाहीतर बाहेरून माळी आणायचा ठराव झालाय. मग माझ्या हातात काही नाही."

द्रौपदीबाईने त्या खोलीच्या कुलपाकडे एकदा पाहिलं आणि मला उचललं. त्या दिवसापासून आम्ही दोघींनी पाण्याची नुसती लयलूट मांडली. सकाळी दोन झाऱ्या बोगनवेलीला, दोन नेच्याला. संध्याकाळी तेच. ती कुणाला थेंबभर कमी देत नसे. दुष्काळाच्या वर्षी तिने दोन कोसांवरून घागरी वाहिल्या होत्या. तहानलेल्या वासरापुढे रिकामी बादली ठेवावी लागली होती, ते ती विसरली नव्हती. इथे नळाला धो धो पाणी, मग हात आखडता का घ्यायचा? मलाही तेच पटायचं. जास्त पाणी म्हणजे जास्त माया, असं माझं साधं गणित होतं आणि त्या मायेची मालकीण मी! मी तर फुगूनच गेले होते.

पण महिना लोटला, तरी बोगनवेलीला एक कळी नाही. नुसती हिरवीगार पानं आणि हातभर काटेरी फांद्या. नंतर खालची पानं पिवळी पडून गळू लागली. पलीकडे नेच्याच्या झालरी उन्हाने करपल्या. त्याच्या पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या. कीड समजून द्रौपदीबाई एकेक ठिपका ओल्या फडक्याने पुसू लागली.

फाटकावरचे वॉचमन गुणाजी हे पाहत होते. देवगडकडचा माणूस. गिरणी बंद पडली तशी खाकी चढवून खुर्चीवर बसलेला. त्यांना राहवलं नाही.

"अगो बाये, काय करतंस? ती कीड नाय, तेचा बी असा ता! नेच्याक फूल येणाच नाय. आमच्या गावाक बावीच्या दगडांत हेच नेचे आपसूक येतत. थंय ऊन पोचता काय कधी?"

बाव म्हणजे विहीर, हे द्रौपदीबाईला एव्हाना ठाऊक झालं होतं. ती म्हणाली, "मंग ह्याला सावलीत न्यावं म्हनता? आन् ती येल का फुलंना?"

"तिका तू बुडवन मारतंस. तिचा पाणी तोड."

द्रौपदीबाई चमकली. "तोडू? तहानलेल्याफुडं पानी घिऊन हुबं ऱ्हायाचं आन् द्यायचं न्हाई? दुस्मानासंगं बी कुनी आसं वागत न्हाई, भाऊ. माज्यानं न्हाई व्हायाचं."

गुणाजींनी वाद घातला नाही. दुपारी सुट्टीत ते तिला रस्त्यापलीकडच्या बंद कारखान्यापाशी घेऊन गेले. तिच्या हातात मी होतेच. तिथल्या भिंतीवर बोगनवेल होती, विटांच्या ढिगात रुजलेली. दिवसभर डोक्यावर रणरणतं ऊन आणि पाणी घालणारं कुणी नाही. तरी सगळी भिंत गुलाबी झाली होती, पान दिसायला तयार नाही. द्रौपदीबाईने एक घोस हातात घेतला. गुलाबी दिसत होती ती पातळ कागदासारखी पानंच होती. खरं फूल त्यांच्या मधोमध होतं, पांढरं आणि तांदळाएवढं.

"हिका कोण पाणी घालता?" गुणाजींनी विचारलं. मित्रांनो, त्या भिंतीसमोर माझी सगळी बढाई उतरली.

परत आल्यावर द्रौपदीबाईने नेच्याची कुंडी ओढत पंपाच्या खोलीमागे नेली. तिथे सावली होती आणि पाइपातून सदा पाणी ठिबकत असे. प्रधान जिन्यावरून ओरडले, "अहो बाई, एक इथे, एक तिथे? माझी जोडी मोडलीत की!"

"सव्वीस तारखेपत्तूर थांबा सायेब. दोगांचं सासर एक नसतंय," ती म्हणाली.

नेच्यासाठी ती मला रोज भरायची, पण बोगनवेलीपाशी आली की मला खिळ्याला अडकवून टाकायची. तिथून ती वेल मला समोर दिसे. आठव्या दिवशी वेलीने माना टाकल्या. द्रौपदीबाई भाकरी तशीच बांधून ठेवून माझ्यापाशी आली आणि माझ्या कडीला हात घालून उभी राहिली. मी मनात म्हणत होते, घे मला, अगं घे! तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

गुणाजी खुर्चीवरून म्हणाले, "पाना लवली मां? आता एक तांब्यो घाल. पण एकच हां."

तिने एकच तांब्या घातला. पुन्हा सहा-सात दिवस काही नाही, पुन्हा एक तांब्या. प्रधानांनी तेवढ्यात दुसऱ्या माळ्याला बोलावून बाग दाखवली, तेही आम्ही पाहिलं. पंधरा तारखेनंतर फांद्यांच्या टोकांना काहीतरी लालसर फुटलं. द्रौपदीबाईला वाटलं, रोगच. गुणाजी मात्र टोपी काढून हसले.

सव्वीस जानेवारीला झेंडा वर गेला तेव्हा फाटकाची ती बाजू गुलाबी झाली होती. पंपामागे नेच्याच्या बुंध्याशी मुठी मिटलेले सात नवे कोंब होते. प्रधानांनी दोन्हीकडे चक्कर मारली, डोकं खाजवलं आणि खिशातून किल्ली काढली. मे महिन्यात शेवंती आली.

पुढे तीन वर्षं मी राबले. मग तळ गंजला आणि मी गळू लागले. द्रौपदीबाईने मला भंगारात न देता पंपामागे ठेवलं. तिथे मी पडून राहिले. वाऱ्याने माती आली, पाइपाचं पाणी ठिबकत राहिलं. खरं सांगते, आपल्याला सगळे विसरले असं वाटून मला फार वाईट वाटायचं. एके दिवशी माझ्या आत हिरवं काहीतरी हललं. शेजारच्या नेच्याच्या त्याच तपकिरी ठिपक्यांतून एक पिल्लू माझ्यात रुजलं होतं. साचलेलं पाणी तळाच्या भोकांतून निघून जात होतं, म्हणून ते कुजलं नाही.

मित्रांनो, झाड असो की माणूस, पाणी ओतण्याआधी मातीत बोट घालून बघा. ओली असेल तर माझ्यासारखीला खुशाल खिळ्याला टांगून ठेवा. आम्ही रुसत नाही.

शेवंती आता रोज सकाळी शाळेत जाण्याआधी येते. वाकते, माझ्या पोटातल्या मातीत बोट घालते आणि आईच्याच आवाजात विचारते, "काय गं झारे, तहान लागली का?"

जन्मभर मी पाणी वाटलं. हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.