गिरिजा बसली की बंद पडणारं यंत्र

साहेब, गिरिजेला कामावरून काढायच्या त्या आदेशावर सही तुमची आहे. 'सदर यंत्र सदर महिलेच्या हातास मानवत नाही' हे वाक्य तुम्ही वाचलंत आणि त्याच्याखाली सही ठोकलीत. शिकलेला माणूस असं वाक्य वाचून थांबतो. तुम्ही थांबला नाहीत. आता काय घडलं ते ऐका.

त्या सोमवारी कल्लहट्टीच्या पंचायतीपुढे अख्खं गाव लोटलं होतं. लिंबाखाली पाट, पाटावर कार्यालयातला बारा वर्षांचा जुना संगणक, आणि समोर जटा सोडून बसलेला बाबा, यंत्रसिद्ध म्हणवणारा अज्जा. दोन महिने हा संगणक चालता चालता एकाएकी काळा पडत होता. वीज असायची, कुणी कळ दाबलेली नसायची, तरी बंद. दाखल्यासाठी आलेली माणसं उन्हात तिष्ठून परत जायची.

"ही पेटी नाही रे!" अज्जा गरजला. "हिच्यात प्राण आहे. प्राणाला विटाळ कळतो. पांढऱ्या कपाळाची बाई पुढ्यात बसली, की हिचा श्वास कोंडतो!"

सगळ्या माना गिरिजेकडे वळल्या. गिरिजा हडपद म्हणजे पंचायतीची संगणक चालवणारी बाई. नवऱ्याला जाऊन चौदा महिने झालेले. ती व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती. तिला राग आला नाही, लाजही वाटली नाही. नवरा गेल्यापासून जगाचं बोलणं तिला भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू यायचं. हेही तसंच आलं.

अज्जाने पाऊण तास मंत्र पुटपुटले. मुठी भरभरून विभूती उधळली, पेटीभोवती धूप फिरवला, आणि सचिव शरणप्पाला म्हणाला, "दाब कळ."

पडदा उजळला. शरणप्पाने एक दाखला छापून वर धरला. "हर हर महादेव!" बायकांनी पदर पसरले, म्हाताऱ्यांनी पेटीला हात लावून डोळ्यांना लावले.

मंगळवारी गिरिजा कामाला बसली. पाऊण तासात पडदा काळा. बुधवारी तालुक्याहून तुमचा आदेश आला. शनिवारी तिने काम सोपवायचं, पुढे तिची गरज नाही.

गुरुवारी नदाफ मास्तर हयातीच्या दाखल्यासाठी आले. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी आदेश वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"गिरिजव्वा, हे तुझ्याच हातात बंद पडतं?"

"हो सर."

"शरणप्पाच्या नाही?"

"नाही."

"तो बसतो किती वेळ?"

"एक कागद छापतो, उठतो."

"आणि तू?"

"दहा ते पाच."

"म्हणजे विटाळ बाईचा नाही. वेळेचा आहे."

गिरिजेने हजेरीवहीचं शेवटचं पान उघडून पुढे केलं. बंद पडल्याची वेळ ती रोज लिहायची. का लिहायची ते तिलाच ठाऊक नव्हतं. सकाळी पहिल्यांदा पाऊण तास चालायचं. लगेच पुन्हा लावलं तर पाच मिनिटं. जेवणाच्या सुट्टीनंतर परत पाऊण तास.

"थंड झालं की चालतं," मास्तर म्हणाले. "अज्जाने मंत्र म्हटले तेवढा वेळ हे नुसतं निवत होतं. शरणप्पा, आज तू बस."

"मी? मी एका बोटाने टंकतो, सर."

"एकाच बोटाने मतदारांची यादी भर. अज्जाने शुद्ध केलंय ना? मग भितोस कशाला?"

शरणप्पा बसला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, त्यांच्यावरून घाम. एकेचाळिसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. विंचू डसावा तसा त्याने हात मागे घेतला.

"सर, माझी बायको तर जिवंत आहे!"

"घरी जाऊन बघून येतोस?"

मास्तरांनी वीज तोडायला लावली आणि पेचकस मागितला. शरणप्पा आडवा आला. "खंडेनवमीची विभूती आहे तिच्यावर! पुसायची नसते, आपोआप झडू द्यायची असते."

हे खरंच होतं. दर खंडेनवमीला कार्यालयात या पेटीची पूजा व्हायची. विभूती, कुंकू, धूप, वर तेलाचा दिवा. बारा वर्षांत कुणी फडकं मारलं नव्हतं. विभूती झडली नव्हती, आतल्या पंख्याने ती ओढून घेतली होती.

"मी पुसते," गिरिजा म्हणाली. "मला आता कुठलं पाप लागायचं राहिलंय?"

तिने झाकण काढलं. पंख्यावर आणि त्याच्याखालच्या पत्र्यांवर करड्या घोंगडीसारखा थर होता, मधेमधे कुंकवाच्या लाल रेघा. नख लावलं तर तुकडाच निघाला.

"हवा जायला जागाच नाही," मास्तर म्हणाले. "आतला भाग तापतो. जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होतं, तशी सोयच असते त्यात. श्वास कोंडत होता हे अज्जा खरं बोलला. कोंडला कुणी, ते चुकीचं सांगितलं. आणि सोमवारी अजून चार मुठी आत घातल्या."

गिरिजेने रंगाचा ब्रश आणून थर खरवडला, पत्रे मोकळे केले. बारा वाजता यंत्र लावलं आणि पुढ्यात बसली. पाच वाजले तरी चालूच. शरणप्पाने वहीत साक्षीदार म्हणून सही केली. मास्तर हसत होते. गिरिजेला काही वाटलं नाही. तिने पडद्यावर अभ्रा घातला आणि घरी गेली.

शनिवारी तिने काम सोपवलं. पंधरा दिवसांनी तुमचं दुसरं पत्र आलं: 'सदर महिलेस दूर केल्यापासून यंत्र सुरळीत चालत आहे.' आता कार्यालयाच्या भिंतीवर अज्जाचा फोटो लागलाय. गिरिजा मिरच्यांची देठं खुडायला जाते. हातांची आग होत नाही का, असं मास्तरांनी विचारलं, तर म्हणाली, "कळत नाही, सर."

गावकऱ्यांनो, यंत्र अडलं तर आधी ते उघडा. कोण बसलं होतं हे विचारण्याआधी किती वेळ चाललं ते मोजा. एवढ्याला ना सिद्धी लागते, ना पदवी.

आणि साहेब, गुरुवारी बारा ते पाच ते यंत्र त्याच बाईच्या हाताखाली चाललं. वहीत वेळ आहे, तुमच्याच सचिवाची सही आहे. मग तुम्ही तिला काढलंत ते कशासाठी? कारण लिहून द्या. खाली सही करा.