मेल्यावरही हात वर

गोळी लागली की पडायचं आणि मुकाट पडून राहायचं, एवढंच काम होतं. पण बारा वर्षं फुटबॉल खेळून, गुडघा मोडून घरी बसलेल्या आणि आता सिनेमात आलेल्या या फॉरवर्डला तेवढंही धड जमेना. पडायचा झकास. पडला की मात्र एक डोळा किलकिला व्हायचा आणि उजवा हात आपोआप वर जायचा, फाउल मागायला.

"अहो, मेलेला माणूस कुणाकडे दाद मागतोय?" दिग्दर्शक सहाव्यांदा कावला. "इथं रेफरी नाहीये!"

सगळं युनिट खो खो हसलं. तोही हसला, पण आतून नुसती चुळबुळ. गुडघा मोडल्यावर मधे काही दिवस टीव्हीवर सामन्यांचं समालोचन केलं, तेव्हाही हीच गत. बूड म्हणून खुर्चीला टेकत नसे.

मैदानात त्याला सगळे 'नाटक्या' म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हे. धक्का न लागताच पडून त्याने कितीतरी पेनल्टी उकळल्या होत्या. म्हणून तर शेवटच्या सामन्यात गुडघा खरोखर मोडला, तेव्हा रेफरी नुसता "ऊठ, ऊठ" म्हणाला आणि खेळ पुढे गेला.

सातव्यांदा पडताना त्याने दोन्ही हात पोटाखाली दाबून धरले.

"कट! वा! अगदी खरं वाटलं!" दिग्दर्शक टाळ्या पिटत धावत आला. "उठा आता, उठा!"

तो हलला नाही.

"बाकी काहीही म्हणा," तो तसाच पालथा पडून म्हणाला, "पण उठा म्हणू नका."