नातीच्या उपासाची साक्ष

प्रेमाबाईंचा शुक्रवारचा उपास म्हणजे उपास. सकाळी चहा नाही, दुपारी फळ नाही. संध्याकाळी सहाची प्रार्थना झाली की मगच ताटाला हात. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत एकेचाळीस वर्षं आणि सिंगापुरात सेम्बावांगच्या या आठव्या मजल्यावर चार वर्षं, नेम कधी चुकला नव्हता. बाळंतपणातही चुकला नव्हता असं त्या सांगायच्या. खरंखोटं तपासायला नगरहून कोण येतंय?

शेजारच्या पुण्याच्या अरुणाने एकदा उपासाची म्हणून साबुदाण्याची खिचडी दिली. बाईंनी डब्याचं झाकण उघडून पाहिलं.

"अगं, तूप, दाणे, वर खोबरं. याला आमच्यात उपास नाही, लग्नाची पंगत म्हणतात."

अरुणा हसली, पण पुन्हा काही डबा घेऊन आली नाही.

घरात बाईमाणसंच. मुलगा विश्वास जहाजावर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. सून मेधा इस्पितळात नर्स. आणि नात ईशा, पंधरा वर्षांची. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी आणि रविवारी चर्चला निघताना पायात दगड बांधल्यासारखी चालणारी. तीच पोर जानेवारीत एका संध्याकाळी म्हणाली, "आजी, मीपण फ्रायडेला तुझ्यासोबत फास्टिंग करू?"

बाईंचा ऊर भरून आला. त्यांनी काही विचारलंही नाही. का, कशासाठी, कोणासाठी प्रार्थना करणार, काही नाही.

मंडळीतल्या मराठी बायका महिन्यातून एका शुक्रवारी पासिर रिसला संजीवनीच्या घरी उपास-प्रार्थनेला जमायच्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गीतं, प्रार्थना आणि देवाने काय केलं त्याच्या साक्षी. फेब्रुवारीत बाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या.

"इतरांची नातवंडं टीव्हीपुढे बसतात. माझी नात उपाशीपोटी प्रभूपुढे बसते. मी काही केलं नाही हो, घरात जे दिसतं तेच पोरं उचलतात."

बायकांनी हालेलुया म्हटलं. संजीवनीने तिथल्या तिथे शाळेतून नुकत्याच आलेल्या आपल्या मुलीकडे, अनुजाकडे पाहिलं. अनुजा चौदाची. "बघ," म्हणाली, "ईशाताईकडून शीक जरा."

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस लागले तसा ईशाच्या शुक्रवारात बुधवार मिळाला, मग सोमवार, मग रोजच दुपारचं जेवण गेलं. शाळेचा स्कर्ट कमरेला सेफ्टी पिनने आवळलेला. मेधाने एक दिवस सासूला गाठलं.

"आई, तिला हे थांबवायला सांगा. दोन महिने पाळी आली नाहीये तिला. ही प्रार्थना नाही, आजार आहे."

"नर्स झालीस म्हणून देवाच्या कामात सुई टोचू नकोस."

"तुमचं ऐकते ती. माझं नाही ऐकत."

"मग चांगलंच आहे की," बाई म्हणाल्या, आणि चष्मा लावून गीतांचं पुस्तक उघडलं.

पुढचा रविवार. रविवारी उपास नसतो, हे मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाईंनी स्वतः मटण केलं, ईशाच्या ताटात चांगले तुकडे वाढले. फोन आला म्हणून त्या उठल्या. संजीवनी होती, आवाज नुसता फुललेला.

"बाई, तुमच्या साक्षीचं फळ बघा. आमची अनुजासुद्धा आता शाळेतून डबा तसाच परत आणते. म्हणते, ईशाताईसारखी राहणार."

बाई खूश होऊन काही बोलणार, तोच स्वयंपाकघरात कचरा थेट खालच्या पेटीत टाकायच्या नळीचं लोखंडी झाकण वाजलं. त्या फोन ठेवून आत गेल्या. ईशाच्या हातात रिकामं ताट, झाकणाच्या कडेला रस्सा ओघळलेला.

"मटण कुठं गेलं?"

"खाल्लं."

"तू खाल्लंस की आठ मजले खाली त्या पेटीने खाल्लं?"

ईशा ओट्याला टेकून हळूच म्हणाली, "आजी, मी नाही खाल्लं की मम्मी ओरडते. तू नाही खाल्लंस की सगळे तुला ग्रेट म्हणतात. म्हणून मी फास्टिंग म्हटलं."

"आणि प्रार्थना? प्रार्थना काय करायचीस?"

"काही नाही. बघायची फक्त, किती वेळ राहू शकते." तिने रिकामं ताट ओट्यावर ठेवलं. "आधी मला हवं तेव्हा थांबता यायचं. आता नाही येत."

बाई स्टुलावर बसल्या. पोरीवर एक सणसणीत वाक्य फेकायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण ते कोणाला लागू पडतं हे कळलं आणि त्यांनी ते गिळलं. किती वेळ राहू शकते. त्यांचा तरी शुक्रवार दुसरा काय होता? देवाशी बोलणं सकाळी दहा मिनिटं. बाकी दिवसभर, आपण राहू शकतो आणि इतरांना जमत नाही, हेच.

संध्याकाळी मेधा ड्युटीवरून आली. बाई दारातच उभ्या होत्या.

"डॉक्टरची वेळ घे. तू म्हणत होतीस ते खरं होतं. मी तुला नको ते बोलले."

मेधाने चपला काढायच्या आधी फोन लावला.

डॉक्टरीणबाई चिनी, बोलायला शांत. दर आठवड्याला यायचं, उपास पूर्ण बंद, आणि रोज घरच्यांनी पोरीसोबत टेबलाशी बसून खायचं. वजनावरून, ताटावरून टोमणा नाही. हे शेवटचं मेधाने मराठीत सांगितलं तेव्हा तिने सासूकडे पाहिलं नाही, एवढी ती शहाणी.

चार दिवस ठीक गेले. म्हणजे रडारड झाली, पण थोडं पोटात गेलं. मग शुक्रवार आला, पासिर रिसच्या प्रार्थनेचाच. शाळेला सुट्टी होती. ईशाने सकाळी विचारलं, "आज तू खाणार नाहीस ना? मग मी एकटी खाऊ?"

बाईंना आपला नेम आठवला. पंचेचाळीस वर्षं काही थोडी नसतात.

"माझ्यासोबत चल," म्हणाल्या. "तिथे मला तुझ्याबद्दल बोलावं लागेल. बोलू का? नको म्हणालीस तर नाही बोलणार."

"बोल. पण मी आत अनुजाच्या रूममध्ये बसणार."

संजीवनीच्या हॉलमध्ये आठ बायका जमिनीवर बसल्या होत्या. बाई उभ्या राहिल्या. "मागच्या महिन्यात मी इथे साक्ष दिली ती परत घेते. माझी नात उपास करत नव्हती. तिला जेवण जात नव्हतं, ती आजारी आहे. मला ते दिसायला हवं होतं. पण मी तिच्याकडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघत होते. संजीवनी, अनुजाला आजपासून जेवायला घाल. तिने डबा परत आणला तर खूश होऊ नकोस, चौकशी कर."

कोणी हालेलुया म्हटलं नाही. संजीवनीचा चेहरा उतरला.

"आणि आता जेवायला काय आहे?" बाईंनी विचारलं.

"जेवायला?" संजीवनी गडबडली. "बाई, आज शुक्रवार, घरात काहीच केलं नाही. सहा वाजायला तर अजून..."

"घड्याळ मलाही कळतं. माझी नात एकटी जेवणार नाही, म्हणून मी जेवणार आहे. तुम्ही तुमचा उपास धरा, आणि धरलात तर या दोन पोरींसाठी धरा. माझी प्रार्थना चालूच आहे, फक्त पोट भरून."

एक बाई फसकन हसली, मग दुसरी. संजीवनीने डोळे पुसले आणि कुकर लावला. वरणभात, लोणचं, कालची भेंडी.

स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी तिघी बसल्या. बाहेर बायकांनी गीत धरलं. बाईंची जेवणाआधीची प्रार्थना घरात प्रसिद्ध होती, भात गार व्हायचा. आज त्यांनी डोळे मिटले आणि एवढंच म्हटलं, "प्रभू, या पोरींना भूक दे. मला लाज दिलीस, पुरे झाली. आमेन."

अनुजाने खायला सुरुवात केली. ईशा भाताकडे बघत राहिली. बाईंनी आपला घास कालवला, हातात धरला आणि तोंडात घातला नाही.

"खा ना, आजी."

"तुझ्यासाठी थांबलेय."

"मला वेळ लागेल."

"लागू दे."

ईशाने एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग बाईंनी आपला खाल्ला.